विजेचे छायाचित्रण : एक प्रस्तावना

छायाचित्रणकलेविषयी सर्वसामान्य माणसाची जी समजूत असते ती अशी की, डोळ्यांपुढे एखादा लक्षणीय क्षण येतो, जाणत्या छायाचित्रकाराच्या ध्यानात तो इतरांच्या आधी येतो, आणि त्याचे बोट त्या क्षणाच्या मागे न रेंगाळता त्याच्याबरोबरच खटक्यावर पडते. म्हणजे नजर आणि हात यांची चपळाई हेच या कलेचे सारसर्वस्व. घोड्यांच्या शर्यती, क्रिकेटचे सामने आणि लग्नसमारंभ यांच्या बाबतीत ही समजूत बव्हंशी खरीही आहे. परंतु आकाशातील वीज हा विषय हाती घेतला की या समजुतीचा पायाच उखडला जातो. मनुष्याच्या डोळ्याने प्रकाश पाहिल्यापासून त्याच्या बोटाने खटका दाबीपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी सहज खर्ची पडतो. आणि तेवढ्या अवकाशात वीज मेघातून निघून, भूमीपर्यंत येऊन, त्याच वाटेने तीन-चार वेळा लखलखून बहुधा विझूनही गेलेली असते. चमकली म्हणून जो खटका दाबतो त्याच्या पदरी ती गेल्यानंतरचा काळोख पडतो. प्रत्यक्ष चमकण्याच्या क्षणी छायाचित्रकाराला करण्यासारखे काहीच नसते. जे करावयाचे ते सर्व त्या क्षणाच्या आधी करून ठेवावे लागते, आणि जे उरते ते त्या क्षणानंतर वहीत उतरवून घ्यावे लागते. आधीची तजवीज आणि मागाहूनची नोंद या दोहोंवरच ही विद्या उभी आहे, आणि हा प्रस्तावनेचा प्रपंच त्याच दोन गोष्टींचा ऊहापोह करण्यासाठी मांडला आहे.

या छायाचित्रणाचा उगम झाला तोच मुळी एका जुन्या वादातून. युरोपातील चित्रकार पिढ्यान् पिढ्या जी वीज रंगवीत आले ती कोनाकोनांची असे. सरळ रेषांचे तुकडे उलटसुलट जोडून, टोकाला बाणाचे पाते लावले की त्यांच्या मते वीज पुरी झाली. आपल्याकडे विजेच्या खांबांवर ‘धोका’ या शब्दाशेजारी कवटीबरोबर जी कोनाकोनांची तांबडी रेघ रंगविलेली असते, ती याच संप्रदायाची वंशज होय. वाफेच्या हातोड्याचा कर्ता म्हणून ख्याती पावलेला अभियंता जेम्स नॅस्मिथ याने १८५६ मध्ये ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात या रूढीवर आक्षेप घेतला, आणि निसर्गात अशी वीज आपण कधीही पाहिली नाही असे प्रतिपादन केले. परंतु एका माणसाच्या डोळ्यांची साक्ष दुसऱ्याच्या डोळ्यांविरुद्ध ठेवून असल्या वादाचा निवाडा होत नसतो. डोळा हा साक्षीदार मोठा प्रामाणिक खरा, पण विजेच्या बाबतीत त्याला पाहण्यास पुरेशी मुदतच मिळत नाही, आणि न पाहिलेला भाग तो सवयीने भरून काढतो. निवाड्यासाठी असा साक्षीदार हवा होता की ज्याला पूर्वग्रह नाही आणि ज्याने पाहिलेले पुसले जात नाही.

असा साक्षीदार मिळण्यात अडचण होती ती रसायनशास्त्राची. अमेरिकेतील सेंट लुईस येथे थॉमस ईस्टर्ली याने १८४७ मध्येच डॅगेरोटाइपच्या चकचकीत पत्र्यावर विजेची रेघ धरल्याची नोंद आहे. पण तो एक अपवाद म्हणावयाचा. त्यानंतरच्या काळात जी ओल्या काचेची पद्धत सर्वत्र रूढ झाली, तिच्यात काचेवर द्रावण चढवावयाचे, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वी काढून धुवावयाची, असा सारा कारभार काही मिनिटांत उरकावा लागे. आणि वीज काही छायाचित्रकाराच्या सोयीने त्या काही मिनिटांतच चमकेल अशी हमी कोणी द्यावी? रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने १८७१ मध्ये जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती प्रसिद्ध केली, पुढे तिची संवेदनक्षमता वाढत गेली, आणि मग प्रथमच काच कॅमेऱ्यात भरून, भिंग उघडे ठेवून, स्वस्थ वाट पाहत बसण्याची मुभा माणसाला मिळाली. विजेच्या छायाचित्रणाचा खरा आरंभ या वाट पाहण्याच्या मुभेपासून होतो.

तिचा लाभ उठविला तो फिलाडेल्फियाच्या विल्यम जेनिंग्ज याने. चित्रकारांची कोनाकोनांची वीज त्याला खोटी वाटे, आणि ती खोटी आहे हे सिद्ध करण्याच्या ईर्षेने तो वादळांकडे कॅमेरा लावून बसू लागला. अनेक काचा फुकट गेल्यानंतर २ सप्टेंबर १८८२ या दिवशी त्याला विजेचे स्पष्ट छायाचित्र मिळाले. ज्या नगरात १७५२ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने पतंगाच्या दोऱ्यावाटे मेघातील विद्युत् खाली आणल्याचे सांगतात, त्याच नगरात एकशे तीस वर्षांनी तिचे रूप काचेवर उतरावे, हा योगायोग मोठा मनोज्ञ आहे. जेनिंग्जच्या काचेवर ना कोन होता ना बाणाचे पाते. तेथे नकाशावरील नदीप्रमाणे वळणे घेत गेलेली, अंगाखांद्यांवर लहानमोठे फाटे वागविणारी, कुठे जाड कुठे सूक्ष्म होणारी अशी एक रेषा होती. आणि त्यानंतर जगात विजेची जी अगणित छायाचित्रे निघाली त्या सर्वांनी जेनिंग्जच्याच बाजूने साक्ष दिली आहे.

रूपाचा निकाल लागला तरी गतीचा लागला नव्हता. स्थिर कॅमेऱ्याच्या चित्रात जे काही घडले ते सर्व एकावर एक पडते. आधी काय झाले आणि मागाहून काय झाले, याचा उलगडा त्यातून होत नाही. यावर तोड निघाली ती अशी की, कॅमेराच हलता ठेवावयाचा, म्हणजे एकामागून एक येणाऱ्या चमका चित्रात शेजारीशेजारी उमटतील. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅम्बुर्गच्या बी. वाल्टर यांनी घड्याळी यंत्रावर फिरणाऱ्या कॅमेऱ्याने अशी चित्रे घेऊन, डोळ्याला एक वाटणारी वीज वस्तुतः एकाच वाटेने झालेल्या अनेक आघातांची मालिका असते, हे स्पष्टपणे दाखविले. याहून पुढची पायरी गाठली ती सर चार्ल्स व्हर्नन बॉइज यांनी. साबणाच्या फुग्यांवर मुलांनाही समजेल असा ग्रंथ लिहिणारे आणि क्वार्ट्झच्या केसाएवढ्या तंतूंवर गोळे टांगून गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजणारे हे पदार्थवैज्ञानिक हस्तकौशल्यात अद्वितीय होते. त्यांनी एका फिरत्या तबकडीच्या व्यासाच्या दोन टोकांवर दोन भिंगे बसविली; तबकडी फिरू लागली की एक भिंग एका दिशेस तर दुसरे उलट दिशेस जाई, त्यामुळे विजेच्या प्रतिमा दोन्ही चित्रांत विरुद्ध बाजूंना कलत, आणि त्या दोन कलांमधील फरक मोजला की विजेचा प्रवाह कोणत्या दिशेने व किती वेगाने गेला याचा हिशेब निघे. हे यंत्र विसाव्या शतकाच्या प्रारंभीच तयार झाले होते. परंतु इंग्लंडच्या मवाळ हवेत समोर, पुरेशा जवळ आणि नेमक्या वेळी वीज पडण्याचा योग दुर्मीळ, आणि बॉइज यांनी त्या यंत्राचे वर्णन ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले ते १९२६ मध्ये. सामग्री उत्तम असूनही ऋतू आणि स्थळ यांच्याविना ती पांगळी पडते, याचा याहून बोलका दाखला दुसरा नसेल.

ऋतू आणि स्थळ लाभले ते दक्षिण आफ्रिकेत. जोहान्सबर्गच्या उंच पठारावर उन्हाळ्यात दुपारनंतर मेघगर्जनेची वादळे वारंवार येतात. तेथे बॅसिल शोनलंड आणि त्यांचे सहकारी एच. कोलेन्स यांनी बॉइज यांच्या पद्धतीचा कॅमेरा लावला, आणि १९३४ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांनी विजेविषयीची जगाची कल्पना पालटून टाकली. मेघातून प्रथम निघते ती एक मंद तेजाची वाट. ती सलग येत नाही. सुमारे पन्नास मीटरांचे एकेक पाऊल टाकते, सेकंदाच्या सुमारे वीस हजाराव्या हिश्शाइतकी थबकते आणि पुन्हा पुढचे पाऊल टाकते. वाटेत फाटे फोडते आणि सरासरी सेकंदाला दोनशे किलोमीटरांच्या आसपास गतीने खाली उतरते. ही वाट जमिनीजवळ आली की झाड, मनोरा वा घर यांतून एक ठिणगी तिच्या भेटीस वर उठते, आणि दोहोंची गाठ पडताक्षणी, प्रकाशाच्या गतीच्या सुमारे तृतीयांश गतीने, खालून वर धावत जाणारा तो प्रचंड लखलखाट होतो की ज्याला आपण वीज म्हणतो. हवेची ती वाट क्षणार्धात ३०,००० अंशांपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट तापते. हवा एकाएकी फाकते आणि गडगडाट होतो. त्यानंतर सेकंदाच्या सुमारे विसाव्या हिश्शाच्या अंतराने त्याच वाटेवर दुसरा, तिसरा, चौथा आघात होऊ शकतो, आणि डोळ्याला वीज थरथरल्याचा भास होतो तो यामुळे.

हा शास्त्रीय तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण पांडित्याची हौस हे नसून, छायाचित्रणाची सारी तंत्रे त्यातून आपोआप निष्पन्न होतात, हे होय. पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे तत्त्व असे : विजेचा प्रकाश किती वेळ पडावा हे ठरविणारी सत्ता शटरकडे नाही, ती विजेकडेच आहे. शटर दहा सेकंद उघडे ठेवले काय आणि तीस सेकंद ठेवले काय, वीज तेवढीच तेजस्वी उमटते. कारण त्या मुदतीतील तिचा अंमल सेकंदाच्या एखाद्या क्षुल्लक अंशाचाच असतो. ती किती तेजस्वी उमटावी हे भिंगाचे छिद्र आणि फिल्मची वा संवेदकाची संवेदनक्षमता या दोहोंनीच ठरते. उलट आकाशाची शिल्लक राहिलेली आभा, गावातील दिवे, डोंगराची कड, ही सर्व मंडळी शटर उघडे असेपर्यंत चित्रात भर घालीतच राहतात. म्हणून छिद्र विजेसाठी आणि शटर परिसरासाठी, अशी अधिकारांची वाटणी ज्याच्या मनात पक्की झाली त्याने निम्मी विद्या हस्तगत केली असे खुशाल समजावे. व्यवहारात संवेदनक्षमता आयएसओ १०० धरावी. दूरच्या, धूसर विजेला एफ-५.६, मध्यम अंतरावरच्या विजेला एफ-८ आणि जवळच्या विजेला एफ-११ किंवा त्याहूनही लहान छिद्र असे साधारण मान ठेवावे, आणि पहिल्या एक-दोन चित्रांवरून त्यात दुरुस्ती करावी. एफ-४ वर जवळची वीज घेतली तर तिचे सूक्ष्म फाटे पांढऱ्या लोळात बुडून जातात, आणि एकदा बुडालेला तपशील पुढे कोणत्याही संस्काराने वर येत नाही.

दुसरे तत्त्व वाट पाहण्याचे. अंधाऱ्या रात्री, शहरापासून दूर, शटर वीस-तीस सेकंद उघडे ठेवता येते. वीज चमकली की एखादा क्षण थांबून, उरलेले आघात पुरे होऊ देऊन, ते मिटावे आणि लगेच पुन्हा उघडावे. जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर यासाठी ‘बी’ नावाची खूण असे आणि केबल रिलीजचा खटका आवळून ठेवावा लागे. आजच्या कॅमेऱ्यात ठरावीक अंतराने आपोआप चित्रे घेत राहण्याची सोय असते. मात्र दीर्घ एक्स्पोजरनंतर चित्रातील ठिपक्यांचा गोंगाट काढून टाकण्याची जी अंतर्गत सोय असते ती न विसरता बंद करावी, कारण तिच्या पायी प्रत्येक चित्रानंतर तेवढाच वेळ कॅमेरा आंधळा होऊन बसतो, आणि नेमकी त्याच दिरंगाईत उत्तम वीज चमकून जाते. दोन चित्रांमधील अवकाश जितका कमी, तितकी वीज सापडण्याची शक्यता अधिक. या कलेत नशीब म्हणून जे काही म्हणतात ते पुष्कळसे या हिशेबात सामावलेले आहे.

सामग्रीचा पसारा फार लागत नाही. एक मजबूत ट्रायपॉड हवा. वादळाच्या आधी जो थंड झोत सुटतो त्याने तो थरथरू नये म्हणून मधल्या दांड्याला पिशवी टांगून वजन द्यावे आणि भिंगातील स्थिरीकरणाची योजना बंद ठेवावी. फोकसविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. अंधारात स्वयंचलित फोकस चाचपडत राहतो आणि आधुनिक भिंगांचे कडे अनंताच्या खुणेच्याही पलीकडे फिरते; म्हणून दूरच्या एखाद्या दिव्यावर, पडद्यावरील प्रतिमा मोठी करून, हाताने फोकस साधावा, स्वयंचलित फोकस बंद करावा आणि कड्यावर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून टाकावा. मध्यम वा रुंद कोनाचे भिंग बहुतेक प्रसंगी पुरते. भिंगावर छत्री, हाताशी सुती फडके आणि कॅमेऱ्यावर घालण्यास प्लॅस्टिकची पिशवी असावी. वातानुकूलित गाडीतून कॅमेरा एकदम बाहेरच्या दमट हवेत आणला की काचेवर बाष्प धरते, सबब तो थोडा आधी बाहेर काढून ठेवावा. याहून अधिक किमतीच्या वस्तूंनी चित्राचा आकार वाढेल, पण ते मिळण्याची संधी वाढणार नाही.

दिवसाउजेडी मात्र प्रकरण वेगळे होते. उजेडात शटर फार वेळ उघडे ठेवता येत नाही, आणि भिंगावर काळसर गाळणी बसवून मुदत वाढविली तर ती गाळणी विजेलाही तेवढीच मंद करते. परिसराचा प्रकाश मुदतीबरोबर वाढतो, विजेचा वाढत नाही, आणि अखेर वीज फिकी पडून नाहीशी होते. म्हणून उजेडात शटरची मुदत होईल तितकी तोकडी असावी आणि तरीही वीज तिच्यात यावी, अशी दुहेरी मागणी उत्पन्न होते. ती पुरविण्यासाठी विजेचा प्रकाश संवेदकाने ओळखून कॅमेरा स्वतःच सुरू करणारे ट्रिगर नावाचे उपकरण निघाले आहे. तेही पहिल्या आघातास चुकतेच, कारण कॅमेऱ्याचे अवयव हलण्यास सेकंदाचा विसावा-पंचविसावा हिस्सा लागतो. त्याची सारी भिस्त मागाहून येणाऱ्या आघातांवर असते. शोनलंड यांनी मोजलेल्या पुनरावृत्तीचा असा व्यावहारिक उपयोग अर्धशतकाहून अधिक काळाने व्हावा, ही विज्ञानाच्या परोपकारबुद्धीची साक्ष होय. जी वीज एकाच आघातात संपते ती मात्र ट्रिगरला हुलकावणी देऊन जाते. ज्यांच्याजवळ केवळ मोबाइल फोन आहे त्यांनी स्थिर चित्राच्या नादी न लागता फोन टेकवून चलचित्र घ्यावे आणि त्यातील चौकट निवडून काढावी. चौकटीचा अर्धा भाग उजळलेला आणि अर्धा काळा दिसला तर यंत्र बिघडले असे समजू नये. संवेदक वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचला जातो, आणि ते वाचन मध्यावर असताना वीज चमकून गेली, एवढाच त्याचा अर्थ.

स्थळकाळाचा विचार महाराष्ट्रापुरता केला तर प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. पाऊस जेथे आणि जेव्हा सर्वाधिक, तेथे आणि तेव्हा वीजही सर्वाधिक, असे नाही. आषाढ-श्रावणात कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाची संततधार लागते, परंतु वीज क्वचित दिसते. कारण त्या ढगांची उंची बेताची, आणि विद्युत् भार विलग होण्यासाठी बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारांचे कण यांचे जे घर्षण व्हावे लागते ते उंच चढलेल्या मेघांतच होते. असे उत्तुंग मेघ आपल्याकडे चैत्र-वैशाखातील वळवात, मृगाच्या आगेमागे, आणि आश्विनातील परतीच्या पावसात दिसतात. वळीव दुपारनंतर उठतो आणि तिन्हीसांजेच्या सुमारास त्याचा भर असतो. ही वेळ छायाचित्रकाराला विशेष अनुकूल, कारण आकाशात मेघांचा आकार दाखविण्यापुरता उजेड असतो आणि छिद्र एफ-११ ठेवून शटर दोन-चार सेकंद उघडे ठेवण्याइतका अंधारही असतो. वैशाखाच्या हवेत धूळ फार, त्यामुळे दूरची वीज तांबूस व मळकट उमटते; परतीच्या पावसात हवा धुतलेली असते आणि तीच वीज निळसर पांढरी, रेखीव येते. अंतर पंधरा ते तीस किलोमीटर असले तर उत्तम. त्याहून जवळ गेले की पावसाचा पडदा आणि जिवाचा धोका ही दोन्ही आडवी येतात. मेघाच्या मार्गात उभे न राहता त्याच्या बाजूस राहावे, म्हणजे मेघाच्या तळापासून भूमीपर्यंतची सगळी वाट नजरेच्या टप्प्यात येते.

चित्र हाती आल्यानंतर ते वाचावयाचे कसे, हेही सांगितले पाहिजे, कारण सुंदर चित्र घेऊन ते न वाचणारा मनुष्य अर्ध्याच लाभाचा धनी होतो. फाटे खालच्या दिशेने फुटलेले असतील तर वीज मेघातून उतरली. ते वरच्या दिशेने फुटलेले असतील तर ती भूमीवरील एखाद्या उंच टोकातून वर निघाली. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर १९३० नंतरच्या दशकात के. बी. मॅकएक्रन यांनी कॅमेरे रोखले तेव्हा त्या इमारतीशी संबंधित बहुतेक विजा तिच्या माथ्यावरूनच वर गेलेल्या आढळल्या. आणि स्वित्झर्लंडमध्ये लुगानोजवळच्या मोंते सान साल्वातोरे या डोंगरावरील मनोऱ्यांवर कार्ल बर्गर यांनी विजेच्या प्रवाहाची जी दीर्घकाळ मोजदाद केली तीही याच प्रकारच्या निरीक्षणांनी समृद्ध आहे. एकाच विजेचे शेजारीशेजारी समांतर पदर दिसले तर बॉइज यांचे काम वाऱ्याने केले असे समजावे : दोन आघातांमधल्या अवकाशात वाऱ्याने ती तप्त वाट बाजूला सरकविली. पण अशा वेळी चित्रातील दिवे आणि घरे प्रथम तपासावीत. त्यांच्याही रेघा ओढल्या गेल्या असतील तर सरकला तो कॅमेरा, वीज नव्हे. पाहणाऱ्याने सावध असावे म्हणजे अपघातही विद्या वाढवितो, याचे उदाहरण १९८९ चे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी मंद प्रकाश टिपणारा कॅमेरा तपासून पाहत असता, दूरच्या वादळाच्या माथ्यावर उंच आकाशात उठलेले प्रकाशाचे स्तंभ त्यात उमटले. पुढे त्यांना ‘स्प्राइट’ हे नाव मिळाले. त्यांचा रंग तांबडा असून ते पन्नास ते नव्वद किलोमीटर उंचीवर क्षणभर प्रकटतात, आणि आता हौशी छायाचित्रकारही ते टिपू लागले आहेत.

येथे सत्यनिष्ठेचा एक प्रश्न येतो. तासभरात घेतलेल्या अनेक चित्रांतील विजा संगणकावर एकत्र करून एकच चित्र बनविण्याची प्रथा फार बोकाळली आहे. त्यात अधर्म आहे असे नाही. उघड्या शटरपुढे एकाच काचेवर तीन-चार विजा पूर्वीही पडत असत. परंतु एका तासाचा वृत्तान्त एका क्षणाचा म्हणून खपविणे हे ज्या कलेचा जन्म चित्रकारांच्या कल्पित विजेचे खंडन करण्यासाठी झाला तिला शोभत नाही. चित्र जोडलेले असेल तर तसे बिनदिक्कत लिहावे. लिहिल्याने त्याची शोभा कमी होत नाही आणि न लिहिल्याने त्याची साक्ष मात्र बाद होते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. फ्रँकलिनच्या कल्पनेवरून प्रयोग करताना सेंट पीटर्सबर्ग येथे गेऑर्ग विल्हेल्म रिचमन हा वैज्ञानिक १७५३ मध्ये आपल्याच उपकरणाशेजारी विजेने मृत्यू पावला. आणि आजही दरवर्षी वळवाच्या दिवसांत मराठवाड्यात आणि विदर्भात शेतात राबणारी माणसे व गुरे विजेला बळी पडतात. मोकळ्या माळावर, टेकडीच्या माथ्यावर वा एकाकी झाडाखाली धातूचा ट्रायपॉड लावून उभा राहणारा छायाचित्रकार स्वतःहून त्या यादीत नाव नोंदवीत असतो. वीज केवळ डोक्यावर पडून मारते असे नव्हे. जवळच्या झाडावरून ती अंगावर उडी घेते, आणि जमिनीतून पसरताना दोन पायांमधील विद्युत् दाबाच्या फरकानेही घात करते. पाऊस आपल्या डोक्यावर नाही म्हणून निर्धास्त राहणे व्यर्थ आहे, कारण मेघाच्या माथ्यावरून निघालेली वीज पावसापासून दहा-पंधरा किलोमीटर दूरच्या निरभ्र जागीही पडू शकते. चमक आणि गडगडाट यांमध्ये मोजलेल्या सेकंदांना तिनाने भागले की किलोमीटर मिळतात. हे सेकंद तीसच्या आत आले की सामग्रीचा मोह न धरता पक्क्या इमारतीत किंवा काचा मिटलेल्या, लोखंडी छताच्या मोटारीत जावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास होईपर्यंत बाहेर येऊ नये. मोटारीत रक्षण होते ते तिच्या धातूच्या कवचामुळे. रबरी चाकांचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून उघड्या जीपने वा मोटारसायकलने ते मिळत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने विजांचे स्थान दाखविणारे ‘दामिनी’ नावाचे अॅप सर्वांसाठी खुले केले आहे. वळवात कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्याने ते पाहिल्यावाचून उंबरठा ओलांडू नये. घराच्या खिडकीतून, आतल्या बाजूस कॅमेरा लावून घेतलेले चित्र माळावरच्या चित्राहून कोणत्याही अर्थाने कमी प्रतीचे नसते.

शेवटी वाचकांस एक विनंती आहे. आपल्या हाती येणाऱ्या प्रत्येक चित्राबरोबर गाव, तारीख, वेळ, कॅमेऱ्याची दिशा, भिंगाचे नाभीय अंतर आणि गडगडाट ऐकू येईपर्यंत गेलेले सेकंद, एवढ्या सहा गोष्टी त्याच रात्री लिहून ठेवाव्यात. वेळ आणि दिशा माहीत असली की ते चित्र वीज नोंदविणाऱ्या केंद्राच्या नोंदींशी ताडून पाहता येते; अंतर आणि नाभीय अंतर माहीत असले की मेघाच्या तळाची उंची आणि विजेची लांबी काढता येते; आणि एकाच विजेची चित्रे दोन गावांतून कोणी घेतली असतील तर तिची अवकाशातील वाटही मांडता येते. हे काम करण्यास प्रयोगशाळा लागत नाही, पदवी लागत नाही. लागते ती एक वही आणि ती भरण्याचा नेम. जेनिंग्जने घेतलेल्या चित्राला आज जे मोल आहे ते त्याच्याखाली तारीख आहे म्हणून. आपल्या चित्राखालीही ती घालण्यास कोणी चुकू नये.